एएफचं निदान झाल्यावर: ताटात काय, काढ्यात काय आणि गोळीचं काय

2019 च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी कुकर लावला आणि ओट्याला धरून उभी राहिले. धाप लागली होती. मनगटावर बोट ठेवलं तर दोन ठोके एकदम, मग खाडा, मग तीन घाईघाईने, पुन्हा खाडा. दुसऱ्या दिवशी ईसीजी निघाला, त्यानंतर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. लहानपणी सांधे सुजून आलेल्या तापाने हृदयाची एक झडप अरुंद करून ठेवली होती, आणि त्यातून आता एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल पडण्याचा आजार, सुरू झालं होतं. डॉक्टर आणि नर्स सगळे त्याला नुसतं ‘एएफ’ म्हणतात, मीही तेच म्हणते.

घरी आले तशी सल्ल्यांची रांग लागली. अर्जुनाची साल, गव्हांकुर, लसूण, दुधीचा रस. ‘पालेभाजी बंद कर’ म्हणणारे होते, तसे ‘पालेभाजी भरपूर खा’ म्हणणारेही होते. खरं काय, हे कळायला मला दीड वर्ष लागलं, आणि त्यात एकदा मी चांगलीच चुकले. तुमचं ते दीड वर्ष वाचावं म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या गोळीचं नाव आणि मात्रा तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्याकडे जाताना काय विचारायचं आणि घरी काय सांभाळायचं, तेवढं मी सांगू शकते.

1. तुमचा एएफ कशामुळे आहे, ते आधी विचारा

सगळ्यांचा एएफ एकाच कारणाचा नसतो. उच्च रक्तदाब, झडपेचा आजार, थायरॉइड वाढणं, मधुमेह, जास्त वजन, झोपेत श्वास अडकणं, दारू, यातलं काहीही मुळाशी असू शकतं. थायरॉइडमुळे असेल तर आधी थायरॉइडवर उपचार करावे लागतात, कितीही पथ्य पाळलं तरी ते टळत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत तीन प्रश्न विचारा. माझ्या झडपा कशा आहेत? टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, केली का? मला पक्षाघाताचा धोका किती?

तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा. एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला एक लहानशी पिशवी असते. तिथे रक्त साचून गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात. एएफ असलेल्या माणसाला हा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. वय 65 च्या पुढे, रक्तदाब, मधुमेह, हार्ट फेल्युअर, आधी येऊन गेलेला पक्षाघात अशा गोष्टींचे गुण मोजून डॉक्टर रक्त पातळ करणारी गोळी द्यायची की नाही ते ठरवतात. माझ्यासारखी अरुंद झडप असेल तर गुण मोजत बसत नाहीत, गोळी लागतेच.

2. एक फाईल, एक वही

फाईलमध्ये हे हवं:

- पहिला ईसीजी, ज्यात एएफ पकडला गेला. हा कागद कधीही हरवू नका. त्यावरच्या रेषा फिक्या होत जातात, म्हणून लगेच झेरॉक्स काढून ठेवा.
- इकोचा रिपोर्ट, होल्टर (दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं यंत्र) लावला असेल तर त्याचा रिपोर्ट
- टीएसएच, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), सोडियम-पोटॅशियम, हिमोग्लोबिन
- आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) करत असाल तर सगळे आकडे, तारखांसह
- चालू औषधांची यादी, आणि त्यात चूर्ण, काढा, आसव, कॅप्सूल सगळं

घरात दंडावर बांधायचं बीपीचं मशीन, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि एक साधी दोनशे पानी वही. वहीत तारीख, नाडी, बीपी आणि ‘आज वेगळं काय’ असे चार रकाने पाडा. चौथा रकाना लोक रिकामा सोडतात, पण नंतर तोच कामाला येतो. लग्नाचं जेवण, जागरण, सर्दीची गोळी, मावशीने पाठवलेलं चूर्ण, सगळं तिथे लिहा.

3. नाडी पूर्ण एक मिनिट मोजा

पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय असेल तर ती सोडा. एएफमध्ये ठोक्यांमधलं अंतर सारखं नसतं, त्यामुळे तो हिशोब हमखास चुकतो. पाच मिनिटं शांत बसा, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवा आणि साठ सेकंद मोजा. बीपीही एकदाच घेऊन भागत नाही. मिनिटभराच्या अंतराने तीनदा घ्या आणि सरासरी लिहा.

4. रक्त पातळ करणाऱ्या गोळीला पर्याय शोधू नका

पथ्याचा आणि वनस्पतींचा जो काही उपयोग आहे, तो या गोळीच्या जोडीने आहे. तिच्या जागी नाही. गुठळी टाळण्याचं तिचं काम करेल असा कुठलाही काढा, रस किंवा आहार नाही. ॲस्पिरिनही तिची जागा घेऊ शकत नाही.

गोळ्या साधारण दोन प्रकारच्या. जुन्या म्हणजे वॉर्फरिन आणि ॲसिनोकोमॅरॉल. यांत आयएनआर तपासत राहावं लागतं, आणि एएफमध्ये तो बहुधा 2 ते 3 च्या दरम्यान हवा असतो. नव्या म्हणजे अपिक्सॅबॅन, रिव्हारॉक्सॅबॅन, डॅबिगॅट्रॅन. यांना आयएनआर लागत नाही आणि पालेभाजीचा प्रश्न नसतो. पण झडप बऱ्यापैकी अरुंद असेल किंवा धातूची बसवलेली असेल तर नव्या गोळ्या चालत नाहीत, जुनीच घ्यावी लागते. मी त्या गटात आहे.

‘ते उंदराचं औषध आहे, सोड’ असं तुम्हालाही कोणीतरी सांगेल. वॉर्फरिन उंदीर मारायला वापरत, हे खरं आहे. ते मुळात आलं मात्र गवतातून. अमेरिकेत सडलेलं स्वीट क्लोव्हर नावाचं गवत खाऊन गुरांना रक्तस्राव व्हायचा, आणि त्यातल्या द्रव्याचा शोध घेताना ही औषधं सापडली. आज जगभर माणसं मोजून-मापून तीच घेतात. मोजमाप, म्हणजे आयएनआर, नीट ठेवला की त्या नावाला घाबरायचं कारण नाही.

रिव्हारॉक्सॅबॅनची 15 किंवा 20 मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यायची असते, रिकाम्या पोटी ती पूर्ण शोषली जात नाही. डॅबिगॅट्रॅनची कॅप्सूल मूळ पाकिटातच ठेवा, ओल लागली की बिघडते. सात खणांच्या गोळ्यांच्या डबीत ती काढून ठेवू नका, फोडून पाण्यातही घालू नका. खर्च झेपत नसेल तर गोळी एक दिवसाआड घेण्यापेक्षा डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करा. एखादी वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नका. मेटोप्रोलॉलसारखी ठोके आवरणारी गोळीही बरं वाटतंय म्हणून एकदम बंद करू नका, ठोके उसळतात.

5. पालेभाजी: बंद करायची नाही, मापात सारखी ठेवायची

हे वॉर्फरिन आणि ॲसिनोकोमॅरॉल घेणाऱ्यांसाठी. या गोळ्या व्हिटॅमिन के चं काम अडवतात. हिरव्या पानांत ते भरपूर असतं. पानं अचानक वाढली की गोळी कमी पडते आणि आयएनआर उतरतो. पानं अचानक बंद केली की आयएनआर चढतो आणि रक्तस्रावाची भीती. ‘पालेभाजी बंद’ हा सल्ला इथेच चुकतो.

माझंच सांगते. डिसेंबरात मंडईत मेथीच्या जुड्यांचे ढीग लागतात. ताजी, बारीक पानांची मेथी दिसली की हात आवरत नाही. पहिल्या हिवाळ्यात मी आठवड्यातून चार-पाच दिवस मेथी केली: भाजी, थेपले, मुटके, वरणात मूठभर. त्याच सुमाराला, रोज सकाळी फिरायला जाते त्या बागेच्या दाराशी गव्हांकुराचा रस घ्यायला लागले. ‘रक्त शुद्ध होतं’ म्हणून तो हिरवागार पेला रिकाम्या पोटी घ्यायचे. महिन्याच्या तपासणीला आयएनआर 1.5 आला. त्याआधी सलग तीन महिने तो 2.4 च्या आसपास होता. डॉक्टरांनी गोळी वाढवण्याआधी विचारलं, ‘काय बदललं?’ वहीतल्या चौथ्या रकान्यात सगळं लिहिलेलं होतं, आणि वाचताना माझा मलाच धक्का बसला. गुठळी व्हायला मोकळी वाट मीच करून दिली होती.

आता माझी पद्धत अशी आहे. आठवड्यातून ठरलेले तीन दिवस पालेभाजी, त्या दिवशी एक वाटी शिजलेली. पालक, मेथी, शेपू, माठ, चाकवत, अळू, अंबाडी, शेवग्याचा पाला, सगळं चालतं, फक्त वाटी आणि वार बदलत नाही. वरून भुरभुरायची कोथिंबीर मोजत नाही, पण कोथिंबीर वडी आणि अळूवडी पालेभाजी म्हणूनच धरते. बाकीचे दिवस दुधी, दोडका, पडवळ, भोपळा, वांगं, कारलं, फ्लॉवर. गणपतीत ऋषिपंचमीची भाजी खाल्ली तर त्या आठवड्यातला एक वार कमी करते. आजारपणात चार दिवस जेवण गेलं, किंवा अँटिबायोटिक सुरू झालं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करून आयएनआर लवकर करून घेते.

6. मीठ, दारू, चहा, वजन

हे मात्र सगळ्यांसाठी, गोळी कोणतीही असो.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक लहान चमचा, आणि त्यातच सगळं आलं. भाजीतलं मीठ आपण मोजतो. पापड, लोणचं, कुरडई, फरसाण, बाकरवडी, वरून लावलेलं मीठ-मिरपूड हे कोणी मोजत नाही. पानात डावीकडे वाढलेलं मीठ मी पहिल्याच आठवड्यात बंद केलं. बाजारात ‘लो सोडियम’ मीठ मिळतं, त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. रोजच्या शहाळ्याचंही तसंच. डॉक्टरांना विचारून मगच घ्या.

दारूचा आणि एएफचा संबंध पक्का आहे. नियमित पिणाऱ्यांनी सोडली तर एएफचे झटके कमी येतात, हे चाचण्यांत दिसलेलं आहे. ‘हृदयाला थोडी चांगली’ हे एएफच्या रुग्णाने मनातून काढून टाकावं.

चहा-कॉफीवर मात्र उगाच आरोप होतो. बेताचा चहा किंवा कॉफी बहुतेकांना सोसते. तुमच्या वहीत चहानंतर धडधड वारंवार दिसली तरच कमी करा. एनर्जी ड्रिंक वेगळी, ती नकोतच.

वजन जास्त असेल तर दहा टक्के उतरवून ते तसंच टिकवणं, याने झटके कमी होतात. मी ज्या काही घरगुती उपायांबद्दल वाचलं-ऐकलं, त्यात सगळ्यात भक्कम पुरावा याच्याच बाजूने आहे. रात्रीचं जेवण आठच्या आत आणि थोडं पोट राखून करा. पोट गच्च भरून आडवं झालं की अनेकांची धडधड सुरू होते. मोठ्याने घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर झोपेची तपासणी करून घ्या.

7. उपास

निर्जळी करू नका. पाणी कमी पडलं की धडधड वाढते आणि लघवी वाढवणारी गोळी असेल तर चक्कर येते. एकादशी किंवा चतुर्थी सोडवत नसेल तर दोन्ही वेळा काहीतरी नीट खा. भगर, राजगिऱ्याची भाकरी, ताक, फळं असं खा, आणि गोळीची वेळ बदलू नका. रिव्हारॉक्सॅबॅनवाल्यांनी उपासाच्या दिवशीही ती पोटभर फराळासोबतच घ्यावी.

8. काढे, चूर्णं, रस

वनस्पतींमध्ये काही दम नाही, असं मी म्हणत नाही. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध फॉक्सग्लोव्ह या फुलझाडातून आलं. त्या पानांचा उपयोग इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग यांनी 1785 मध्ये लिहून ठेवला, आणि मात्रा थोडी चुकली तर काय होतं तेही लिहिलं. आपल्या कुंपणावरच्या पिवळ्या कण्हेरीत, म्हणजे बिट्टीत, त्याच जातीचं द्रव्य आहे. तिच्या बिया खाऊन माणसं दगावतात. वनस्पतीत दम असतो, म्हणूनच ती औषधाइतकी जपून घ्यायची.

*अर्जुन.* सालीचा दुधातला क्षीरपाक ही आयुर्वेदातली जुनी पद्धत आहे. छातीत दुखण्यावर तिचे लहान लहान अभ्यास झालेत. पण एएफचा ताल तिने जागेवर येतो किंवा गुठळी टळते, असा भरवशाचा पुरावा नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत स्वतःच्या मनाने सुरू करू नका. सुरू करायचीच असेल तर वैद्य आणि हृदयाचे डॉक्टर, दोघांनाही सांगून करा, आणि आठवड्याने आयएनआर करा.

*अश्वगंधा.* ‘ताण कमी होतो’ म्हणून सर्रास घेतात. काही जणांत तिने थायरॉइडचं हार्मोन वाढतं, आणि वाढलेला थायरॉइड एएफला आमंत्रण देतो. मी घेत नाही.

*ज्येष्ठमध.* हे सगळ्यात लपून येतं. सर्दीच्या काढ्यात, खोकल्याच्या चाटणात, मुखवासात असतं. रोज बऱ्याच प्रमाणात घेतलं तर पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. कमी पोटॅशियम एएफला वाईट, आणि डिगॉक्सिन चालू असेल तर फारच वाईट. काढ्याच्या पुडीवरची घटकांची यादी वाचा, आणि यादी नसेल तर ती पुडी घेऊ नका.

*लसूण, आलं, हळद.* फोडणीतली लसूण, चहातलं आलं, भाजीतली हळद यांना काही होत नाही. पण सकाळी पाच-सहा कच्च्या पाकळ्या, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल असं सुरू केलं की रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

*गुग्गुळ.* सांध्यांसाठी आणि कोलेस्टेरॉलसाठी घेतात. डिल्टियाझेमसारखी ठोके आवरणारी गोळी गुग्गुळासोबत कमी शोषली जाते.

*दुधीचा रस.* कडू लागला तर एक घोटही पुढे घेऊ नका, थुंकून टाका. कडू दुधीच्या रसाने विषबाधा होते. भाजी करून खाल्लेली केव्हाही बरी.

*माशाच्या तेलाच्या कॅप्सूल.* हृदयासाठी म्हणून घेतल्या जातात, पण जास्त मात्रेत एएफ वाढल्याचं मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. मासे खात असाल तर मासे खा, शाकाहारी असाल तर जवसाची चटणी आहेच.

*पपनस.* गणपतीच्या सुमारास बाजारात येतं. ठोक्यांचा ताल सांभाळणारी ॲमिओडॅरोन किंवा कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या चालू असतील तर ते टाळा. ग्रेपफ्रूटसारखंच त्यातलं द्रव्य औषध शरीरात साचवतं. संत्रं-मोसंबी चालतं.

आणि गुडघेदुखीची बिनानावाची पुडी कोणीही, कितीही प्रेमाने दिली तरी घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामक मिसळल्याचे प्रकार उघड झालेले आहेत. मेडिकलमधून आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकही रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत पोटात रक्तस्राव करू शकते. दुखण्यावर काय चालेल ते आधीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

9. वैद्यांकडे जायचं असेल तर

जरूर जा. पुण्यात त्याची सोय चांगली आहे. रास्ता पेठेत टिळक आयुर्वेद महाविद्यालयाशी जोडलेलं ताराचंद रुग्णालय आहे, शिवाय शहरात अष्टांग आयुर्वेद महाविद्यालयही आहे. पदवी घेतलेले, केसपेपर लिहून देणारे वैद्य गाठा. रविवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानात काउंटरवर ‘हृदयासाठी काहीतरी द्या’ असं मागू नका.

जाताना पूर्ण फाईल न्या. ‘मी ही गोळी घेते, ती बंद करायची नाही, तिच्यासोबत चालेल असंच द्या’ हे पहिल्या वाक्यात सांगा. गोळी बंद करायला सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. मिळालेल्या औषधाचं पाकीट पुढच्या भेटीत हृदयाच्या डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवा. मी पहिल्यांदा ठेवलं तेव्हा ओरडा बसेल असं वाटलं होतं. डॉक्टरांनी पाकीट उलटंपालटं करून वाचलं, एका घटकावर पेनाने गोल केला आणि म्हणाले, ‘हा सोडून बाकी चालेल.’ एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा. तीन एकदम सुरू केल्या तर बिघाड कशाने झाला ते कळत नाही.

10. घरी बसून राहायचं नाही अशी लक्षणं

तोंड एका बाजूला ओढलं जाणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, एकाएकी दिसेनासं होणं: 108 ला फोन करा. पाणी पाजू नका, काढा देऊ नका, साखर देऊ नका. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून लक्षण कधी सुरू झालं ती वेळ लिहून ठेवा. छातीत दुखणं, बेशुद्ध पडणं, बसल्या जागी धाप लागणं यालाही थांबू नका. काळी डांबरासारखी शौचाला होणं, लाल लघवी, न थांबणारा घोळणा किंवा डोक्यावर पडणं, मग भले बाहेरून काही दिसत नसेल तरी, रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याने त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

दवाखान्यात पहिला प्रश्न येतो, ‘कोणती गोळी, शेवटची कधी घेतली?’ त्या क्षणी उत्तर आपल्याला देता येईलच असं नाही. म्हणून पर्समध्ये एक कार्ड ठेवा: नाव, आजार, गोळीचं नाव आणि मात्रा, रोज घ्यायची वेळ, घरच्या दोघांचे फोन. माझ्या कार्डाच्या मागच्या बाजूला आयएनआर पेन्सिलने लिहिलेला असतो. तपासणीहून घरी आले की चप्पल काढायच्या आधी जुना आकडा खोडून नवा लिहिते.